पडद्याचं तोंड कुणाकडे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी खडकवासल्याची. जन्म इथला आणि शिक्षिकेची नोकरीही याच परिसरात झाली. वडील इथल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात कामाला होते. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था. तिथल्या मोठमोठ्या शेडमध्ये नद्यांची आणि बंदरांची छोटी प्रतिरूपं केलेली असतात. त्यांतून पाणी सोडून बघायचं, भिंत कुठे बांधावी, गाळ कुठे साचेल, ते आधी इथे पडताळायचं आणि मग खऱ्या नदीला हात घालायचा. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेले, की मला वाटायचं, ही मोठी माणसं दिवसभर पाण्यात खेळतात आणि सरकार त्यांना त्याचा पगार देतं!

पाण्याची भीती आणि पाण्याची ओढ, दोन्ही आमच्या गावाच्या अंगात आहेत. याच धरणाचं पाणी पुण्याने पिढ्यानपिढ्या प्यायलं आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर खडकवासल्याचीही भिंत गेली, तेव्हा त्याच पाण्याने पुणं बुडवलं. माझा जन्म त्यानंतरचा. पण आई पुराची गोष्ट अशी सांगायची, की मीच तो पाहिला असं मला वाटे. अशा घरात मुलांना पाण्यापासून लांब ठेवणं सोपं होतं. वडिलांनी तसं केलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा तिन्ही भावंडांना ते गावाबाहेरच्या विहिरीवर घेऊन जायचे. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे आणि स्वतः आधी पाण्यात उतरायचे. त्यांचे नियम दोनच होते. पहिला, एकट्याने पाण्यात जायचं नाही. दुसरा, घाबरलात तर हाक मारायची. ‘‘आधी बाहेर काढीन. रागवायचं ते काठावर आल्यावर बघू,’’ असं ते म्हणत.

आज मला बोलायचं आहे ते शाळकरी मुलं आणि इंटरनेट या विषयावर. तुम्ही म्हणाल, मग विहिरीची गोष्ट कशाला? ती कशाला, ते पुढे येईलच. पण आधी थोडा मागचा काळ बघू या. कारण मुलांना या नव्या गोष्टीपासून कसं सांभाळायचं, हा प्रश्न आपल्याला वाटतो तेवढा नवा नाही. गेली तीस वर्षं आपण त्याची वेगवेगळी उत्तरं देत आलो आहोत. त्यांतली काही उत्तरं मी स्वतः दिली आणि ती चुकली.

मी १९८६ साली नोकरीला लागले. त्याच्या थोडं आधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक नेण्यासाठी ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली होती. तिच्यात ब्रिटनहून आलेले ‘बीबीसी मायक्रो’ संगणक निवडक शाळांना मिळाले. आमच्या शाळेच्या वाट्याला काही तो आला नाही. मी पहिला संगणक पाहिला तो शहरातल्या एका शाळेत, प्रशिक्षणाच्या निमित्ताने. खोलीला कुलूप, खिडक्यांना जाड पडदे, दाराबाहेर चपलांची रांग. आत संगणकावर प्लॅस्टिकचं झाकण. मुलांनी हात मागे बांधून रांगेत उभं राहायचं आणि सरांनी कळ दाबली की पडद्यावर काय होतं ते बघायचं. त्या काळात सुरक्षेचा विचार झाला नव्हता असं नाही, पण तो संगणकाला मुलांपासून वाचवण्याचा होता. मुलांना संगणकापासून वाचवावं लागेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि येणार तरी कसं? ते यंत्र एकटं होतं. त्याच्या पलीकडे कुणी माणूस बसलेला नव्हता.

तो माणूस आला १९९५ साली. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. सुरुवात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासला झाली आणि लवकरच पुण्याचाही नंबर लागला. मोडेमचा तो करकर आवाज अनेकांना आठवत असेल. तो चालू असला, की घरचा फोन बंद. साहजिकच, कोण इंटरनेटवर बसलं आहे आणि किती वेळ बसलं आहे, हे अख्ख्या घराला कळायचं. कुणाचा फोन येणार असला, की आजी ओरडायची, ‘‘बंद करा रे ते!’’ मुलांवर नजर ठेवायला यापेक्षा चांगली व्यवस्था नंतर कुणी शोधलेली मला माहीत नाही. संगणक असायचा तोही बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, कधीकधी त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला. पडद्याचं तोंड घराकडे होतं.

१९९८ च्या अखेरीला सरकारने खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा दिली आणि सायबर कॅफेचं पेव फुटलं. पुण्यात लक्ष्मी रोडपासून सिंहगड रोडपर्यंत ठिकठिकाणी पाट्या लागल्या. शाळेच्या ‘प्रोजेक्ट’साठी माहिती हवी असली, की मुलं तिथे जाऊ लागली. ती आम्हीच सांगितलेली असायची, हेही कबूल करायला हवं. कॅफेच्या मालकाने मात्र एक बदल केला होता. प्रत्येक संगणकाभोवती प्लायवूडच्या पार्टिशनचा खुराडा केला होता, आणि कुठेकुठे त्याला पडदाही. पडद्याचं तोंड भिंतीकडे वळलं ते इथे.

गंमत बघा, जवळजवळ त्याच सुमाराला दिल्लीत अगदी उलटा प्रयोग झाला. २६ जानेवारी १९९९ ला सुगत मित्रा यांनी कालकाजी भागात कचेरीच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसवला, तोंड पलीकडच्या झोपडवस्तीकडे करून. शिकवायला कुणी नाही. मुलं आपसांत शिकली, एकमेकांना शिकवू लागली. पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही अशी केंद्रं बसवली गेली. मुलं खरोखर किती शिकली, यावर पुढे बरेच वाद झाले. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या संगणकाचा पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असाच लावायचा, हा त्या योजनेचा भाग होता. कुणी पहारा देत नव्हतं, पण रस्त्यावरून जाणारी मावशी, काका, पोस्टमन, सगळ्यांची नजर सहज पडायची. सोबतीला चार मुलं असायची. ती एकमेकांना शिकवत आणि एकमेकांना आवरतही.

इकडे आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढेही हाच प्रश्न आला. २००१ साली दोन नागरिकांनी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, की इंटरनेटवरचं अश्लील साहित्य लहान मुलांच्या सहज हाती लागतं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला होता, पण कायद्यातलं कलम आणि कोपऱ्यावरचा कॅफे यांत मोठं अंतर होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि मुलांना कसं जपता येईल हे सुचवण्यासाठी एक समिती नेमली. समितीने २००२ च्या जानेवारीत अहवाल दिला. ग्राहकांनी ओळखपत्र दाखवावं, मुलांना बंद खुराड्यात न बसवता मोकळ्या जागेतल्या संगणकांवरच बसू द्यावं, त्या संगणकांवर गाळणी, म्हणजे फिल्टर असावा, अशा त्यातल्या शिफारशी होत्या. मला आजही त्या शहाणपणाच्या वाटतात. ‘मुलांनी इंटरनेट वापरूच नये’ असं न म्हणता ‘उघड्यावर वापरावं’ असं त्यांनी म्हटलं.

पण शिफारशीचा नियम होईपर्यंत काळ कुणासाठी थांबत नाही. देशभरातल्या कॅफेंसाठी नियम आले ते २०११ मध्ये. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, पार्टिशनबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, पालक सोबत असल्याखेरीज अल्पवयीन मुलाला खुराड्यात बसू देऊ नये, आलेल्या-गेलेल्याची नोंद वर्षभर जपावी, असं सगळं त्यात बारकाईने लिहिलं आहे. वाचून बरं वाटतं. फक्त तोवर मुलं कॅफेतून उठून गेलेली होती. इंटरनेट घरी आलं होतं आणि खिशातही.

आता मी माझ्या चुकीकडे येते.

२००७ सालची गोष्ट. आमच्या शाळेत तेव्हा दहा-बारा संगणकांची खोली झाली होती. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव सांगणार नाही. अक्षर मोत्यासारखं, गणितात पुढे, पण बोलायला भिडस्त. त्या काळात ‘ऑर्कुट’चं वेड होतं. वय वाढवून लिहायचं आणि आत शिरायचं, हे सगळ्या मुलांना ठाऊक होतं. एकदा शाळा सुटल्यावर ती वर्गात रेंगाळली. ‘‘बाई, एक सांगू?’’ म्हणाली. ऑर्कुटवर कुणी तरी ताईच्या नावाने तिच्याशी ओळख केली होती. गप्पा झाल्या, मैत्री झाली, फोटो मागितला. तिने तो दिला. साधाच फोटो होता, घरच्या कार्यक्रमातला. मग त्या ‘ताई’ने आणखी फोटो मागितले आणि नाही दिले तर हाच फोटो भलत्या ठिकाणी लावीन, असं धमकावलं.

मी तिला पहिलं वाक्य काय बोलले असेन? ‘‘तू तिथे गेलीसच कशाला?’’

एवढंच. मी आवाज चढवला नव्हता. पण ती जी गप्प झाली, ती झालीच. पुढे मी तिला दहा प्रश्न विचारले, ती मान खाली घालून ‘काही नाही बाई’ म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. शाळेने संगणकाची खोली महिनाभर बंद ठेवली, जणू दोष त्या खोलीचा होता. शाळेचं नाव बाहेर जाऊ नये, ही काळजी सगळ्यांना होती आणि ‘सगळ्यांत’ मीही आले. वडिलांनी तिची सायकल काढून घेतली, मग शिकवणी बंद केली, मग शाळा. दहावीची परीक्षा तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. धमकी देणारा कोण होता ते कुणी शोधलं नाही. गुन्हा त्याचा होता आणि शिक्षा तिला झाली. ती आम्ही दिली.

त्या घटनेनंतर मी या विषयावर वाचायला लागले. कायदा तोवर पुढे सरकू लागला होता. २००४ साली दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण एका संकेतस्थळावर विक्रीला आलं होतं. देशभर खळबळ माजली. त्या प्रकरणाचे पडसाद पुढच्या कायद्यावर उमटले. २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन मुलांविषयीचं वेगळं कलम आलं, सदुसष्ट-ब. मुलांची लैंगिक चित्रं बनवणं, पाठवणं, बघणं, तसंच इंटरनेटवरून मुलांना अशा गोष्टींसाठी फूस लावणं, हा स्वतंत्र गुन्हा झाला. मग २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा. त्यातली दोन कलमं प्रत्येक शिक्षकाने पाठ करावीत अशी आहेत. एक, मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. आणि दुसरं, मुलाची ओळख जाहीर होता कामा नये. म्हणजे शाळेची अब्रू झाकायची नाही आणि मुलाची उघडी करायची नाही. आम्ही २००७ मध्ये नेमकं उलटं केलं होतं.

वाचताना आणखी एक गोष्ट कळली. इंटरनेटवर खातं उघडायला ‘वय वर्षं तेरा’ ही अट बहुतेक ठिकाणी असते. मला वाटायचं, कुणी तरी मानसशास्त्राच्या अभ्यासाने ती ठरवली असेल. तसं नाही. अमेरिकेत १९९८ साली एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची खासगी माहिती गोळा करायची तर पालकांची परवानगी घ्या, असं त्यात म्हटलं. परवानगी घेत बसण्यापेक्षा ‘तेराखालच्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावणं कंपन्यांना सोपं गेलं. ती पाटी जगभर पसरली. मुलाला समज कधी येते याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही, तो माहिती गोळा करण्याचा हिशोब आहे. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही रेषा अठराव्या वर्षावर आणली आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई केली. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायलाच बंदी केली, ती डिसेंबर २०२५ पासून लागू झाली. तिचं काय होतं, याकडे जगाचं लक्ष आहे.

आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइलवरचं इंटरनेट अगदी स्वस्त झालं. पडदा आता तळहातात आला, आणि त्याचं तोंड फक्त मुलाकडे. शेजारी बसलेल्या आईलाही दिसत नाही, की लेक काय बघते आहे. पुढच्याच वर्षी ‘ब्ल्यू व्हेल’ची भीती पसरली. शाळाशाळांतून सूचना आल्या, पालकसभा झाल्या, आम्ही मुलांच्या हातावरच्या खुणा तपासल्या. नंतर सरकारने नेमलेल्या समितीने तपास केला, तेव्हा त्या मृत्यूंपैकी एकाही प्रकरणात या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. म्हणजे मुलं खरोखर दुःखी होती आणि आम्ही देवमासा शोधत होतो.

चांगलंही बरंच घडत होतं, ते सांगायलाच हवं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि पुढे ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. जिल्हा परिषदेच्या छोट्याशा शाळेतलं पोर फोनवर धडा ऐकतं, ही काही लहान गोष्ट नाही. म्हणून ‘फोनच नको’ म्हणणाऱ्यांत मी नाही.

आणि मग मार्च २०२० आला. शाळा बंद झाल्या. ज्या हातांतून आम्ही फोन जप्त करत होतो, त्याच हातांत आम्हीच सांगून फोन दिला. पोहायला न शिकवता, डबाही न बांधता, एका आठवड्यात सगळी पोरं धरणात ढकलल्यासारखं झालं ते. माझं नोकरीचं ते शेवटचं वर्ष. ऑनलाइन वर्गाच्या पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगितलं, ‘‘या फोनवर तुम्हाला काहीही विचित्र दिसलं, कुणी काही मागितलं, तुमच्याकडून काही चूक झाली, तर मला किंवा घरात कुणाला तरी सांगा. मी ‘तिथे गेलास कशाला’ असं विचारणार नाही. फोन काढून घ्या असंही घरी सांगणार नाही.’’ दर सोमवारी मी हे पुन्हा सांगायचे. मुलं हसायची, मीही हसायचे. पण सांगायचे.

२०२१ च्या सुरुवातीला सातवीतल्या एका मुलाचा रात्री नऊला फोन आला. रडत होता. वडील टेंपो चालवणारे, घरात एकच फोन. खेळातल्या कुणा ‘दादा’ने फुकट हिरे देतो म्हणून ओटीपी मागितला, याने सांगितला आणि वडिलांच्या खात्यातून पैसे गेले. टाळेबंदीनंतर कसेबसे जमवलेले पैसे. ‘‘बाई, बाबा मारतील. मी घरातून जाऊ का?’’ म्हणाला. मी म्हटलं, ‘‘कुठे आहेस? तिथेच बस. आधी जेव. मी येते.’’ दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलिसांकडे गेलो. पैसे काही परत आले नाहीत. पण वडिलांनी हात उगारला नाही आणि मुलगा शाळेत राहिला. आज तो आयटीआयला आहे.

दोन मुलं, दोन्ही फसवली गेलेली. फरक एवढाच, की एकाला हाक मारता आली आणि दुसरीची हाक मी काठावरच अडवली.

मला या सगळ्या इतिहासातून दिसतं ते असं. पडदा घराकडे तोंड करून होता, तोवर मोठ्यांची नजर पुरत होती. कॅफेत तो भिंतीकडे वळला, तेव्हा पार्टिशनची उंची ठरवून नजर परत आणता येईल असं आपल्याला वाटलं. आता तो मुलाच्या मुठीत आहे आणि कुठलाही कायदा, कुठलंही कुलूप आपली नजर तिथे चोवीस तास पोहोचवू शकत नाही. आता पडद्यावर काय चाललं आहे, ते एकच जण सांगू शकतो, तो म्हणजे ते मूल स्वतः. त्याने सांगावं, अशी सोय ठेवणं हीच आजची सुरक्षा. बाकी सगळं तिच्या मदतीला.

बंदीचं काय? यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी गावच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्यामागची तळमळ मी समजू शकते. पण मला त्याच वर्षीचा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा निर्णय जास्त भावला. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. यात महत्त्वाचं हे, की बंद फक्त मुलांचा होत नाही. आईची मालिका आणि बाबांचं व्हॉट्सअॅपही थांबतं. सगळं घर एकाच वेळी काठावर येतं, मग बोलायला वेळ मिळतो.

आपल्या घरात भोंगा नसेल, तरी काही गोष्टी करता येतात. रात्री सगळ्यांचे फोन, आपलाही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. लहान मुलाला फोन द्यायचा तर सुरुवातीचे दिवस शेजारी बसावं. तो कोणता खेळ खेळतो ते त्याच्याकडूनच शिकून घ्यावं. शिकवताना मुलं सगळं सांगतात. फोटो, पत्ता, शाळेचं नाव आणि ओटीपी या चार गोष्टी ओळखीच्या वाटणाऱ्या परक्याला द्यायच्या नाहीत, हे पाढ्यासारखं पाठ करून घ्यावं. आणि एवढं करूनही काही घडलंच, तर घाईने काही पुसू नये. पडद्याची चित्रं काढून ठेवावीत, तो पुरावा असतो. धमकी देणाऱ्याला पैसेही देऊ नयेत आणि आणखी फोटोही नाही. पैशाची फसवणूक झाली असेल तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावं, जितका उशीर तितके पैसे दूर जातात. मुलांच्या कुठल्याही संकटासाठी १०९८ आहे. फोटोची धमकी असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची विनाशुल्क सोय आहे. फोटो फोनमधून बाहेर न पाठवता त्याची खूण तेवढी नोंदवली जाते आणि तिच्यात सहभागी असलेल्या कंपन्या तो आपल्याकडून हटवतात.

पण हे सगळं दुसऱ्या पायरीवरचं. पहिल्या पायरीवर तुमचं एक वाक्य आहे. मूल येऊन ‘एक सांगू?’ म्हणेल, तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं काय निघेल? ते आजच ठरवून ठेवा. त्या क्षणी सुचत नाही. मला सुचलं नव्हतं.

हल्ली रविवारी संध्याकाळी मी धरणाच्या चौपाटीवर फिरायला जाते. २०२१ साली खडकवासला महापालिकेत गेलं. गर्दी वाढली, भुट्ट्याच्या गाड्या वाढल्या. पाण्यात उतरू नका, अशा पाट्याही आहेत. पाट्या हव्यातच. तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी उतरतं आणि कधी कधी परत येत नाही. पाटी वाचता येणं आणि पोहता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते पाणी बघताना दर वेळी आठवतं.

मागच्या वर्षी तिथेच एक बाई समोरून आल्या. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. ‘‘बाई, ओळखलंत?’’ मी ओळखलं. अक्षर मोत्यासारखं असलेली तीच. बाहेरून दहावी केलेली, नंतर हट्टाने बी.कॉम. झालेली. आम्ही कठड्यापाशी उभ्या राहून बोललो. मी माफी मागायला लागले, तर तिने विषय बदलला. मुलीकडे बघून एवढंच म्हणाली, ‘‘हिला फोन देते मी, पण हिने काही सांगितलं ना बाई, तर आधी ऐकून घेते.’’

वडील विहिरीच्या पायऱ्यांवर जे म्हणायचे, ते ती न ऐकताच शिकली होती. मला शिकायला मात्र तिची शाळा जावी लागली.